बालवाडीचा पहिला पावसाळा: मार्चपासून गणपतीपर्यंतची तयारी

"बाई, माका भायर जावचा आसा."

लग्न होऊन मी साताऱ्याकडून मालवण तालुक्यात आले आणि दुसऱ्याच वर्षी गावातल्या बालवाडीत शिकवायला लागले. जून महिना होता, बाहेर धो धो पाऊस. साडेतीन वर्षांचा एक मुलगा माझ्यापाशी येऊन हे म्हणाला. मी म्हटलं, "बाहेर पाऊस आहे ना राजा, बस जागेवर." तो बसला. थोड्या वेळाने परत आला, परत तेच म्हणाला, मी परत बसवला. तिसऱ्यांदा तो आलाच नाही. भिंतीकडे तोंड करून उभा राहिला आणि त्याच्या पायाखाली ओल पसरत गेली.

"भायर जावचा" म्हणजे शी-शूला जायचंय, हे गावात शेंबड्या पोरालाही कळतं. मला कळत नव्हतं. पुढचे आठ दिवस तो शाळेत आला नाही.

त्या मुलाची तयारी उत्तम होती. गरज वेळेत ओळखणं, अनोळखी बाईजवळ जाणं, तोंड उघडून सांगणं, हे तिन्ही त्याला येत होतं. त्याचं बोलणं माझ्यापर्यंत पोचेल असा एक शब्द तेवढा आम्हा दोघांत नव्हता. तेव्हापासून मी पालकांना हेच सांगत आले आहे: मुलाला काय हवंय, काय दुखतंय, कशाची भीती वाटतेय हे घराबाहेरच्या मोठ्या माणसापर्यंत पोचवता आलं, की निम्मी तयारी झाली. उरलेली निम्मी बोटांची आणि सवयींची. अ आ इ ई त्यानंतर येतं, आणि ते शिकवायला आम्ही आहोत.

वयाची घाई नको

महाराष्ट्रात नर्सरीसाठी त्या वर्षीच्या ३१ डिसेंबरला मूल तीन वर्षांचं आणि पहिलीसाठी सहा वर्षांचं पूर्ण असावं लागतं. ही किमान अट आहे. डिसेंबरात जन्मलेलं मूल जूनमध्ये नर्सरीत बसेल तेव्हा जेमतेम अडीच वर्षांचं असेल, आणि जानेवारीत जन्मलेलं त्याच्या शेजारचं मूल जवळजवळ साडेतीनचं. या वयात एक वर्षाचा फरक म्हणजे डोंगराएवढा. नियमात बसतंय म्हणून घातलंच पाहिजे असं नाही. डिसेंबरचं मूल अजून चार शब्दांचं वाक्य बोलत नसेल, तर मी तरी त्याच्या आईला एक वर्ष थांबायला सांगते. मोठं मूल "मागे पडलं" असं आजवर एकदाही पाहिलं नाही. लहान वयात घातलेलं मूल मात्र दरवर्षी रडताना पाहते.

अंगणवाडी की इंग्रजी माध्यमाचं केजी, यावरून घरोघरी वाद होतात. अंगणवाडीत तीन ते सहा वर्षांच्या मुलांसाठी शाळापूर्व शिक्षण असतं, शिवाय गरम आहार आणि तपासणी. चांगली अंगणवाडी घरापासून हाकेच्या अंतरावर असेल, तर तीन वर्षांच्या मुलाला पाऊण तास व्हॅनमधून नेण्यात मला अर्थ दिसत नाही. आणि प्रवेशासाठी कोणी मुलाची चाचणी घेत असेल, तर २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने शाळाप्रवेशाच्या वेळी मुलाची किंवा पालकांची चाळणी परीक्षा घ्यायला बंदी केली आहे, हे माहीत असू द्या.

पहिली पायरी, मार्च-एप्रिल: शी, शू आणि हात

हे सगळ्यात आधी, कारण याला वेळ लागतो.

घरी मूल अर्ध्या चड्डीत किंवा नागडंच फिरत असतं, आई मागीलदारी नेऊन धुऊन आणते. शाळेत चड्डी स्वतः खाली करायची, उकिडवं बसायचं, पाणी ओतायचं, चड्डी वर घ्यायची. ही चार वेगवेगळी कामं आहेत, ती एकेक करून शिकवा. पहिला आठवडा फक्त चड्डीचा. इलॅस्टिकची घ्या. बटण, हूक, पट्टा असलं काही नको, आणि मुलींना फ्रॉकखाली घट्ट लेगिंग नको. दुसरा आठवडा उकिडवं बसण्याचा. ज्यांच्या घरी कमोड आहे त्या मुलांना हे खरोखर जमत नाही, तोल जातो. अंगणात खडे वेचायला, कोंबड्यांना दाणे टाकायला तसं बसवा, आठ दिवसांत पाय तयार होतात. तिसरा आठवडा पाण्याचा: लहान तांब्या मुलाच्याच हातात द्या, पुढून मागे धुवायला शिकवा. सांडू दे. आपण धुतलं तर दोन मिनिटांत होतं हे खरं, पण शाळेत आपण नसतो.

कडी लावायला शिकवू नका. उलट सांगा की दार नुसतं ओढून घ्यायचं. आतून कडी लागली, निघेना आणि बाहेर आम्ही सगळे हवालदिल, हा प्रसंग माझ्यावर दोनदा आला आहे.

साबण लावून हात धुणं यातच येतं. घरी नळाखाली उभं करून होत असेल, तर एकदा बालदी आणि मगवरही करून घ्या, शाळेत तेच मिळण्याची शक्यता जास्त. चार वर्षं उलटूनही दिवसा वारंवार कपडे ओले होत असतील किंवा शी चार-चार दिवस होत नसेल, तर रागावू नका, डॉक्टरांना दाखवा.

घरची भाषा ठेवून शाळेची सात वाक्यं

कोकणात हा मुद्दा मोठा आहे आणि त्यावर फारसं कोणी बोलत नाही. आपल्याकडे घरात मालवणी, संगमेश्वरी, आगरी, कोळी, कोकणी, वाडवळी, वारली असं काही ना काही बोललं जातं. शाळेत पुस्तकातली मराठी, नाहीतर थेट इंग्रजी. आणि बाई कधी घाटावरून आलेली, माझ्यासारखी.

म्हणून घरचं बोलणं बंद करू नका. "माका नाय, मला म्हण," असं दर वाक्याला टोकलं की मूल काय शिकतं? गप्प बसायला. ज्या मुलाच्या घरी आजी भरपूर मालवणी बोलते, गजाली सांगते, देवाला गाऱ्हाणं घालते, ते मूल शाळेत मराठी लवकर उचलतं, कारण त्याच्याकडे सांगायला काहीतरी असतं. दुसरी भाषा पहिलीच्या खांद्यावर चढूनच येते. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानेही सुरुवातीच्या वर्षांत घरच्या भाषेवरच भर दिला आहे.

त्याशिवाय सात वाक्यं खेळातून पक्की करा: मला शूला जायचंय. मला शी लागली. मला पाणी हवंय. माझं पोट दुखतंय. मला हे उघडून द्या. तो मला मारतो. मला आई हवी. सातवं वाक्य मुद्दाम घातलं आहे. ते म्हणता येणारं मूल आतल्या आत कुढत नाही.

खेळ असा. आजी बाई होते, बाहुली किंवा धाकटं भावंड मूल होतं आणि आपलं मूल मध्ये उभं राहून बाहुलीच्या वतीने सांगतं. आजीने मुद्दाम एकदा ऐकलं नाही असं करायचं. मग मुलाने परत, जरा मोठ्याने सांगायचं. एकदा सांगून झालं नाही तर परत सांगायचं असतं, हे तीन वर्षांच्या मुलाला आपोआप कळत नाही.

आणि पालकांनी एक करायचं. मुलाचे घरगुती शब्द एका कागदावर लिहून पहिल्या दिवशी बाईंच्या हातात द्यायचे. शीला काय म्हणतो, झोप आली की काय म्हणतो, कशाला घाबरतो. मी दरवर्षी असा कागद मागून घेते आणि कपाटाच्या दाराला आतून चिकटवते.

बोटं: बिरडं, शिंपल्या, माती

पेन्सिल धरायच्या आधी अंगठा आणि दोन बोटांत जोर यावा लागतो. त्यासाठी बाजारातून काही आणायची गरज नाही. याच किनाऱ्यावर, बोर्डीला, १९४५ साली ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी गावातल्या मुलांची बालवाडी सुरू केली. महागडी साधनं बाजूला ठेवून त्यांनी आसपास मिळणाऱ्या वस्तू हाताशी घेतल्या, आणि मुलं शाळेत येईनात तर शाळाच त्यांच्या अंगणात नेली. अंगणवाडी हा शब्द तिथला. आपल्या घरात ती साधनं आजही पडलेली आहेत.

माझ्या मते सगळ्यात चांगलं साधन म्हणजे वालाचं बिरडं. मोड आलेले वाल कोमट पाण्यात घालून परात मुलापुढे ठेवा. एक दाणा अंगठा आणि तर्जनीत धरायचा, मोडाच्या बाजूने हलकेच चिमटायचा. साल सैल होते, सुरकुतते आणि डाळिंबी टुणकन बाहेर उडी मारते. फार जोर लावला तर दाणा चिरडतो, कमी लावला तर साल हलत नाही. पेन्सिल धरताना नेमका हाच अंदाज लागतो. सुरुवातीला मूल पाच दाणे सोलून उठेल. उठू दे. त्याने सोललेल्या पाच डाळिंब्या आमटीत घाला आणि जेवताना सगळ्यांना सांगा. महिनाभरात ते वाटीभर सोलतं.

दुसरं साधन म्हणजे तिसऱ्या, आपण कालवणात घालतो त्या शिंपल्या. कालवण झालं की शिंपा धुऊन उन्हात वाळवा, धार असलेल्या किंवा फुटक्या काढून टाका. एका तिसरीच्या दोन शिंपा एकमेकींवर तंतोतंत बसतात, दुसरीची शिंप बसत नाही. पाच जोड्या मिसळून द्या आणि जोड्या लावायला सांगा. मूल रंग पाहतं, आकार पाहतं, कडेला कड लावून बघतं, चुकतं, परत शोधतं. पाच जमल्या की दहा द्या. मुलाला निरखून बघायला लावणारा इतका चांगला खेळ मी विकतच्या खोक्यात पाहिला नाही.

भाकरीच्या पिठाचा एक गोळा त्यालाही थापायला द्या. कपडे वाळत घालताना चिमटे त्याच्या हातात द्या. ओल्या वाळूवर किंवा अंगणातल्या मातीत बोटाने रेघा ओढू द्या: उभी, आडवी, मग तिरकी, मग गोल. साधारण तिसऱ्या वर्षी मूल गोल काढतं, चौथ्या वर्षी अधिकची खूण, पाचव्याच्या आसपास चौकोन, आणि त्रिकोण त्याच्याही नंतर. ज्याला अजून चौकोन जमत नाही त्याच्याकडून "क" गिरवून घेणं म्हणजे त्या हाताला शिक्षा आहे.

मोजणीचंही असंच. शंभरपर्यंत घडाघडा म्हणणारी मुलं येतात, आणि "चार आठळ्या दे" म्हटलं की मूठभर देतात. रात्री घरात जेवायला जितकी माणसं, तितकी ताटं मुलाने मांडायची. एक माणूस, एक ताट. चाकरमानी आले की ताटं वाढतात, गेले की कमी होतात. बेरीज-वजाबाकी तिथेच सुरू होते.

तीन गोष्टी मात्र मुलाच्या हातात देऊ नका. कच्च्या काजूच्या बिया, कारण सालीतलं तेल हात आणि ओठ भाजून काढतं. गुंजा, कारण त्या दिसायला सुंदर आणि विषारी आहेत. आणि मणी-चिंचोक्यांसारख्या बारीक वस्तू, जर मोठं माणूस शेजारी बसणार नसेल तर. नाकात गेलेला चिंचोका घेऊन रात्री तालुक्याला धावणारे आईबाप मी पाहिले आहेत.

तब्येत

थोडक्यात सांगते. लसीकरणाचं कार्ड काढून बघा. पाच ते सहा वर्षांच्या दरम्यान डीपीटीचा (घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात यांच्या लसीचा) दुसरा बूस्टर असतो, तो बरेच जण विसरतात. कानांकडे लक्ष द्या: पाठीमागून हळू आवाजात नाव घेतलं तर मूल वळतं का? "लक्षच देत नाही" अशी तक्रार असलेल्या दोन मुलांच्या बाबतीत शेवटी दोष कानातच निघाला. अंगणवाडीत वर्षातून दोनदा आरोग्य पथक येतं, त्या दिवशी मूल गैरहजर ठेवू नका. जंताची गोळी १० फेब्रुवारी आणि १० ऑगस्टच्या सुमारास मिळते, ती चुकवू नका.

मे महिना: झोप आणि डबा

मे महिन्यात घरं मुंबईकरांनी भरतात. आंबे, फणस, समुद्र, रात्री बारापर्यंत खळ्यात गप्पा. मुलाने यातलं काहीही चुकवू नये असं मला मनापासून वाटतं. पण मेच्या शेवटच्या आठवड्यापासून झोपेची वेळ रोज पंधरा मिनिटं अलीकडे आणा. तीन-चार वर्षांच्या मुलाला दिवसाची मिळून १० ते १३ तास झोप लागते आणि मोबाइल-टीव्ही एक तासाच्या आत असावा, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. अपुऱ्या झोपेचं मूल सकाळी दहा वाजता कारण नसताना रडतं, आणि आम्हाला वाटतं त्याला शाळा आवडत नाही.

डबा मुलाला दुकानात नेऊन घ्या आणि तिथेच उघडायला लावा. त्याला उघडता आला तरच घ्यायचा. चित्रं बघून घेतलेले दोन-दोन क्लिपांचे डबे घेऊन बारा मुलं माझ्यापुढे रांग लावतात, आणि बाराव्याचा नंबर येईपर्यंत सुट्टी संपते. मेमध्ये रोज एक वेळचं खाणं त्याच डब्यातून द्या, पडवीत मांडी घालून, भरवणारं कोणी नाही असं. घावणा किंवा आंबोळी हाताने तोडता येते, गार झाली तरी मऊ राहते. पेज भरवून वाढवलेल्या मुलांना कोरडं खायची सवय नसते, त्यांना जरा जास्त दिवस द्या.

जून: वाट आणि पाऊस

शाळा जूनच्या मध्यावर सुरू होते, म्हणजे ऐन पावसाच्या तोंडावर. घाटावरच्या मुलांना आधी शाळेची सवय होते, मग पाऊस लागतो. आपल्याकडे दोन्ही एकदम.

मेमध्ये शाळेची वाट मुलाबरोबर दोन-तीनदा चाला. शाळा बंद असली तरी पायरीवर बसा, खिडकीतून आत बघा, नळ कुठे आहे, शू कुठे करायची ते दाखवा. पहिला पाऊस झाला की तीच वाट परत चाला, कारण ती आता वेगळी दिसते. व्हाळाला, म्हणजे ओढ्याला, पाणी येतं, चिऱ्याच्या पायऱ्यांवर शेवाळ धरतं. व्हाळ गढूळ होऊन साकवाला, म्हणजे वरच्या छोट्या पुलाला, लागला असेल तर त्या दिवशी घरीच राहायचं. एका दिवसाच्या हजेरीसाठी मूल कडेवर घेऊन पाण्यात उतरू नका.

रेनकोट प्रेसच्या बटणांचा घ्या आणि तो काढून खिळ्याला अडकवायचा सराव घरी करून घ्या. लहान मुलाच्या हातात छत्री नको, वाऱ्याने उलटते आणि मूल तिच्यामागे रस्त्यात धावतं. पायात उघडी सँडल बरी. बूट-मोजे दिवसभर ओले राहतात, पाय कुजतात. शाळा बुटांचा आग्रह धरत असेल, तर चार पालकांनी मिळून बोला, बहुतेक ठिकाणी ऐकतात. दप्तरात प्लास्टिकच्या पिशवीत एक जोड कपडे, प्रत्येकावर नाव.

घालायच्या आधी चप्पल-बूट उलटं करून आपटायचं, हे दात घासण्याइतकं अंगवळणी पडलं पाहिजे. गडग्याच्या, म्हणजे दगडी कुंपणाच्या, भोकांत हात घालायचा नाही, हेही. या दिवसांत विंचू आणि फुरसं कोरडी जागा शोधत असतात.

पहिला आठवडा

रडतील. रडणं चांगलं आहे असं म्हणत नाही, पण ते अपेक्षित आहे, आणि बहुतेक मुलांचं दोन-तीन आठवड्यांत कमी होतं.

निरोप घेताना तीनच गोष्टी करा. मिठी मारा. परत कधी येणार ते घड्याळाने न सांगता घटनेने सांगा: "खिचडी खाल्लीस, गोष्ट ऐकलीस, की मी दारात." मग जा. मुलाचं लक्ष नाही असं बघून गुपचूप सटकू नका. त्या दिवशी ते कमी रडेल, पण दुसऱ्या दिवसापासून तुमचा पदर सोडणार नाही, कारण आई न सांगता नाहीशी होते हे त्याला कळलेलं असतं. खिडकीआडून डोकावूही नका. आणि सांगितलेल्या वेळेला दारात असा. पहिल्या पंधरा दिवसांत पाच मिनिटांचा उशीरही त्याला फार मोठा वाटतो.

"रडलास तर बाई मारतील," "शाळेत घालते बघ तुला," ही वाक्यं घरातल्या कोणाच्याही तोंडी येऊ देऊ नका. आजोबांना हे मुद्दाम सांगावं लागतं.

बाबा कुठे आहेत?

महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते. म्हणजे होडीवर जाणाऱ्या घरांत शाळेचे पहिले दीड महिने बाबा घरी असतात, आणि नेमकी तेव्हाच आईला लावणीची घाई. ही संधी सोडू नका. सोडायला-आणायला बाबांनी जावं. आईला सोडताना जितकं रडू येतं तितकं बाबांना सोडताना बऱ्याच मुलांना येत नाही, हे मी इतक्या वर्षांत पाहिलं आहे. पण ऑगस्टमध्ये होड्या समुद्रात गेल्या की सकाळी बाबा दिसत नाहीत आणि बसलेली घडी मोडते. म्हणून जुलैच्या शेवटच्या आठवड्यात एक दिवसाआड आईने किंवा आजीने सोडायला सुरुवात करा.

बाबा मुंबईला असतील तर रोजच्या व्हिडिओ कॉलवर "ए बी सी डी म्हणून दाखव" नको. "आज कोणाच्या शेजारी बसलास? डब्यात काय होतं? कोण रडलं?" असं विचारा. उत्तर मालवणीत आलं तर मालवणीतच पुढे बोला.

गणपतीनंतर परत एकदा

ही शेवटची पायरी बहुतेक जण धरतच नाहीत. गणपतीची सुट्टी लागते, घर माणसांनी भरतं, आरत्या, भजनं, मोदक, आत्ये-मामे भावंडं. मग एके दिवशी सगळे एस.टी.त आणि रेल्वेत बसून निघून जातात. घर एकदम रिकामं होतं, आणि दुसऱ्या दिवशी आपण मुलाला म्हणतो, चल शाळेत. जूनमध्ये न रडलेली मुलंही तेव्हा रडतात, आणि पालक घाबरून विचारतात, बाई, शाळेत काही झालं का?

काही झालेलं नसतं. माणसं गेली म्हणून ते मूल रडतंय. पाव्हणे गेल्यावर एक दिवस मध्ये मोकळा ठेवा. त्या दिवशी मुलाकडून दप्तर भरून घ्या, डबा उघडून-मिटून बघू द्या, शाळेच्या वाटेवर एक चक्कर मारा. मखराचा एखादा रंगीत कागद किंवा वाळलेलं फूल त्याच्या खिशात द्या, बाईंना दाखवायला. ते हातात घेऊन आलेलं मूल दारातूनच बोलायला सुरुवात करतं, "बाई, आमच्या गणपतीक..." आणि मी बसते ऐकत.